बचनाग चाखणारी

६ सप्टेंबर

पोचले एकदाची. गाडीत एक बाई सबंध रस्ता माझ्या ट्रंकेला टेकून झोपा काढत होत्या आणि उतरताना मलाच म्हणाल्या, की तुझी ट्रंक फार टोचते गं. मी माफी मागितली. काय करणार!

खोली छान आहे. कारखान्याच्या डोक्यावरच. कारखाना आपला म्हणायचा. खाली तीन लांबट खोल्या आहेत. एकीत मुळं वाळतात, दुसरीत मोठाली पातेली शिजतात, तिसरीत गोळ्या वळून बाटल्या भरतात. माझ्या खिडकीतून मागची बाग दिसते. निळ्या फुलांचे वाफेच्या वाफे आणि प्रत्येक फूल डोक्यावर टोपडं ओढून बसल्यासारखं. मी खुळ्यासारखी बघत राहिले. मग कळलं, हाच तो बचनाग. इतकी वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले, पण झाड आज पहिल्यांदा पाहिलं.

मालकिणीला सगळे नुसतं बाई म्हणतात. बोलायला गोड, कामाला चोख. त्यांचे भाऊ बाग सांभाळतात. घरात बाईंच्या एक म्हाताऱ्या मावशी आहेत. बस्स, एवढीच माणसं. सुख आहे.

७ सप्टेंबर

काम समजून घेतलं. बचनागाचं कच्चं मूळ म्हणजे निव्वळ विष. एवढासा तुकडा पोटात गेला तर ओठ, जीभ, बोटं बधिर होतात आणि मग काळीज अडखळायला लागतं. त्यावर उतारा नाही. पण तेच मूळ नीट शिजवलं की ताप उतरवतं, आखडलेले सांधे मोकळे करतं. सगळी मेख त्या 'नीट'मध्ये आहे.

म्हणून शिजवलेल्या प्रत्येक घाण्याची परीक्षा जिभेवर होते. मोहरीएवढा कण जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, थोडं थांबायचं, थुंकायचं, चूळ भरायची. जीभ चुरचुरली, मुंग्या आल्या, तर घाणा परत पातेल्यात. काही जाणवलं नाही तर माल पुढे. मी विचारलं, प्रयोगशाळेत का नाही पाठवत? बाई म्हणाल्या, की आमच्या आजीपासून जिभेवरच चाललंय, यंत्राला काय कळतंय.

तर मी चाखणारी. हुद्दा ऐकून धाकटी बहीण फोनवर खो खो हसली. म्हणाली, लहानपणापासून तुझा जिभेवर ताबा नाही, आता त्याचाच पगार घे.

१२ सप्टेंबर

भाऊंबरोबर वाफ्यात गेले होते. तिथे कुणी बोलायचं नाही, हा नियम. मुळं काढतानाही सूर्याकडे तोंड करून काढतात, स्वतःची सावली मुळावर पडू देत नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी कारण सांगितलं. जुनी माणसं म्हणत, बचनाग ऐकतो. त्याच्याजवळ जो बोलेल त्याची जीभ तो मागून घेतो. पण फुकट घेत नाही म्हणे. ज्याची जीभ घेतली, त्याला पुन्हा कधी काही दुखत नाही.

मी म्हटलं, जीभच गेली तर घरातली निम्मी दुखणी आपोआप मिटतील. भाऊ हसले नाहीत.

मावशींशी ओळख करून घ्यायचा प्रयत्न केला. माझ्याआधी त्या चाखायच्या. आता वयामुळे जमत नाही, असं बाई म्हणतात. मावशी बोलत नाहीत. नुकता उतरवलेला चहा, वाफ निघत असताना, एका दमात पितात. मी बघतच राहिले. माझं तोंड उगाच पोळल्यासारखं झालं.

२१ सप्टेंबर

आज एकच घाणा तिसऱ्यांदा परत पाठवला. बाईंच्या कपाळावर आठी आली. बाटल्यांची मागणी पडून आहे, म्हणाल्या. मी जरा ताठच राहिले. म्हटलं, बाई, जिभेला मुंग्या येताहेत, मी काय करू? चौथ्यांदा माल ठीक निघाला.

त्यातल्याच गोळ्या बाबांसाठी ठेवून घेतल्या. गुडघ्यांनी बेजार झालेत, जिना चढताना रेलिंगला धरून प्रत्येक पायरीशी भांडतात. दुसऱ्या कुणाच्या हातचं औषध मी त्यांना दिलं नसतं. ही बाटली मी स्वतः चाखलेली आहे. उद्या टपालात टाकते.

३ ऑक्टोबर

रमले बाई इथे. हल्ली घाणे पहिल्याच खेपेला पास होतात. बाई म्हणाल्या, तुझा पायगुण चांगला. बाबांचा फोन आला होता. गुडघे हलके वाटतात, परवा बाजारापर्यंत चालत गेले. आणखी पाठव म्हणाले. कालच्या घाण्यातली बाटली धाडली.

जेवणातल्या सूपमध्ये मीठच नव्हतं आज. मी वरून दोनदा घातलं. बाई नुसत्या बघत होत्या.

११ ऑक्टोबर

जेवताना पावावर लाल डाग दिसला. मला वाटलं जॅम आहे. रक्त होतं. जीभ चावली गेली होती, चांगली खोल. दुखलं नाही. आत्ताही दुखत नाही.

दुपारी कोपऱ्यावरचा शिंपी आला होता. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक. गोळी घेतल्यावर ओठांना मुंग्या येतात, सुई बोटात धरलेली कळत नाही, म्हणाला. बाईंनी त्याला अर्धी गोळी घ्यायला सांगितलं. जाताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही चाखता ना, मग भीती नाही.

१४ ऑक्टोबर

कालपासून डोक्यात किडा वळवळत होता. आज स्वयंपाकघरात गेले. व्हिनेगर जिभेवर घेतलं. काही नाही. मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, जिभेला काही नाही.

घाणे सुधारले नव्हते. माझी जीभ मेली होती.

केव्हापासून? मीठ. मिठाच्याही आधीपासून असेल. तेवढ्या दिवसांत जे जे मी पुढे जाऊ दिलं —

बाईंना सांगितलं. त्या बाटल्यांना बुचं लावत होत्या, लावतच राहिल्या. म्हणाल्या, अगं, घाबरतेस काय, मावशीचंही असंच झालं होतं. त्यानंतर कारखाना कसा सुरळीत चालला. मी म्हटलं, माणसं मरतील. त्यांनी मान वर केली आणि अगदी मायेने म्हणाल्या, दुखणेकरी माणसं मरतातच गं.

घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा.

१५ ऑक्टोबर

शिंपी गेला. काळीज बंद पडलं म्हणतात. दुकानाच्या दारात कुणाचातरी अर्धा शिवलेला कोट तसाच टांगलेला आहे.

दुपारी धाकटीचा फोन आला. बाबा काल गेले. ओठ कुठे आहेत तेच कळत नाही म्हणत होते. मग उलट्या. मग छाती. डॉक्टर येईपर्यंत —

मी ऐकून घेतलं. म्हटलं, त्या गोळ्या फेकून दे. शब्द जाड झाले, एकात एक अडकले. तिला वाटलं मी रडतेय. रडू नकोस ताई, म्हणाली.

मी रडत नव्हते. फोन ठेवला आणि माझ्या कोटाचं तुटलेलं बटण शिवायला घेतलं. शिवून झालं तेव्हा दिसलं, बोटही कापडाबरोबर शिवलं गेलंय. दोरा कापला.

बसून राहिले. वाट बघितली. काही तरी वाटेल म्हणून. बाबा गेले, मी पाठवलेल्या गोळीने गेले, असं मनाशी म्हणून पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या घरची बातमी असावी तसं.

१७ ऑक्टोबर

डॉक्टरकडे गेले. सांगायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसती घरघर. त्यांनी कागद दिला. बोटांत पेन्सिल आहे की नाही ते बघून बघून लिहावं लागलं. 'गोळ्या. मी चाखल्या. विष.' त्यांनी वाचलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईंना फोन केला.

बाई न्यायला आल्या. वडील गेल्याचा धक्का, म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, झोपू द्या त्यांना.

खांद्यावरचा हात दिसला तेवढाच. लागला नाही.

१९ ऑक्टोबर

गाडीने निघून जायचं होतं. पायांत बूट घातलेत का ते वाकून बघावं लागतं. जिन्यावर पडले. भाऊंनी उचलून वर आणलं. ते रडत होते. एवढं वाटतं तर सांगा ना कुणाला, असं मला म्हणायचं होतं —

मावशी उशाशी येऊन बसल्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आतली जीभ राखाडी, चिंधीसारखी. मग माझ्या तोंडाकडे बोट केलं.

मी आरसा मागितला नाही.

२० ऑक्टोबर

धाकटी आली.

बाईंनीच बोलावून घेतलं. बहीण आजारी आहे, ये, तुलाही इथे काम आहे. डोळे सुजलेले, तरी हसत आली. माझा चेहरा हातात धरला. काय गं ही दशा, म्हणाली. मी बोलले. तिने कान पुढे आणला आणि मग मागे घेतला. भ्यायली.

लिहून दिलं. 'चाखू नकोस. बाबा गोळ्यांनी गेले. चल इथून.' तिने वाचलं, ओठ घट्ट मिटले. बरं ताई, नाही चाखत, म्हणाली. कागद घडी करून खिशात ठेवला. पण आवाज कसला होता तो. आजारी पोराला समजवावं तसा. बाईंनी तिला आधीच सांगून ठेवलंय — दुःखाने भ्रमलीय, स्वतःला दोष देते, वाद घालू नकोस.

शेजारी झोपलीय. तिच्या झोपायच्या झग्याची बाही माझ्या मनगटाला बांधून ठेवलीय.

२१ ऑक्टोबर

उन्हं वर आलीत. बाही मनगटाला आहे. नुसता झगा. ती नाही.

खाली —

नंतर

उशीर झाला. टेबलाशी बसली होती. मला बघून उठायला गेली, उठता येईना. म्हणाली, ताई, खरंच मुंग्या येतात गं. पहिल्याच कणाला आल्या. बाईंना तसं सांगितलंही. बाई म्हणाल्या, नवी जीभ घाबरट असते, जरा मोठा घे.

जरा मोठा घेतला.

भाऊ धावत डॉक्टरकडे गेलेत. बाई वाटी विसळताहेत.

धाकटी खुर्चीत. मान कलली आहे. ओकली दोनदा. हाक मारता येत नाही, म्हणून लिहिते — उजव्या हाताने — डाव्यात तिचा हात आहे. आहे, दिसतो आहे. गार की गरम, कळत नाही. नाडीवर बोटं ठेवली. आणखी दाबली. काहीच लागत नाही. तिची थांबली की माझीच बोटं —

मावशींना खूण केली, तुम्ही बघा. त्यांनी आपली बोटं तिच्या मनगटावर ठेवली. माझ्याकडे बघितलं. मान हलवली. कसली मान? नाही म्हणून, की कळत नाही म्हणून —

छातीकडे बघते आहे. अंगातला सदरा हलतोय. खिडकी उघडी आहे, वाऱ्याने — खिडकी लावून येते. हात सोडावा लागेल. सोडला तर —

बाई, खिडकी. खिडकी लावा. बाई इकडे बघा. मी टेबल वाजवतेय, तुम्ही —

सदरा थांबला. वारा थांबला असेल. वाराच अस —