सिमेंटचा साकव

रिफा, गुरुवार, १२ जुलै १९८४

आई गेल्याची तार मागच्या महिन्यात आली. कशी गेली ते आज कळलं. आमच्या गावचे कासमभाई सुट्टीवरून परतले, त्यांच्याबरोबर धाकट्याने कॅसेट पाठवली होती. गाडीत बसूनच ऐकली. "दादा, छातीत कळ आली, डोली केली. पण पऱ्याला पूर. पलीकडे दवाखान्यात नेताच आली नाही."

त्या ओढ्यावर पायी जाण्यापुरता पक्का साकव असता तर! पोफळीच्या खोडांचा दर पावसात वाहून जातो. सिमेंटचा हवा होता.

गावात पक्ष दोनच. साकव दोघांनीही दर निवडणुकीत कबूल केला. आई एकदा ह्याला मत द्यायची, एकदा त्याला. म्हणायची, "हा नाय तर तो बांधील." मला ते शहाणपण वाटायचं. पण दोघंही नकोत, साकव हवा, असा शिक्का तिने मारायचा कुठे?

इथे आखातात आम्हाला कोणी मत विचारत नाही, आणि या बेटापासून सौदीपर्यंत समुद्रावर पुलाचं काम चाललंय. कासमभाईंना म्हटलं तर ते हसले. "तो आपल्यासाठी बांधतात होय रे?" तेही खरंच. मग आईने साकव मागायचा तरी कुणाकडे?

कॅसेटच्या शेवटी धाकटा रडतो. "पाणी उतरल्यावर नेली, दादा. पुढचे खांदे दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी दिले."

मसणवट पऱ्यापलीकडेच आहे. म्हणजे नेलं शेवटी दोघांनी मिळून आईला पलीकडे.