भाऊजींच्या लढाईची जमीन

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हिच्या गुडघ्याला आता आराम आहे. औषधाने की तू पत्रातून भरलेल्या दमाने, ते काही कळत नाही.

भाऊजींच्या पंचाहत्तरीची भेट अर्ध्यावर आली आहे. त्यांची ती चिलखती गाडी जोडून, रंगवून तयार झाली. खऱ्या गाडीचे पस्तीस सेंटिमीटर म्हणजे माझा एक, असं प्रमाण. चाकं फिरतात, तोफेची नळी वरखाली होते. पण नुसती फळीवर ठेवली की दुकानातल्या खेळण्यासारखी दिसते. तिच्याखाली जमीन हवी. नदी, पूल, चिखल, दोन-चार झाडं. त्यासाठी मी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं आहे आणि आम्ही नवरा-बायको गेले नऊ दिवस इस्त्रीच्या टेबलावर जेवतो आहोत. चहाचा चोथा वाळवून चाळला की शेतातली माती हुबेहूब वठते, म्हणून घरात दिवसाला सहा वेळा चहा होतो. हिचं म्हणणं, निवृत्त झाल्यावर लोक डोंगर बघायला जातात, आमच्याकडे डोंगरच जेवायला आला.

अडचण वेगळीच आहे. मी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. बांध कुठे, उतार किती, पाणी कुणीकडे वाहतं, हे ठरल्याशिवाय माझा हात चालत नाही. भाऊजींची नदीकाठची लढाई मी प्रत्येक लग्नात नि प्रत्येक वाढदिवसाला ऐकली, पण काढायला बसलो तर नकाशा जुळेना. शत्रू पश्चिमेला होता म्हणतात आणि पहाटेचं ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं म्हणतात. तुझ्या लग्नात पूल लाकडी होता, तुझ्या थोरलीच्या लग्नापर्यंत दगडी झाला. मध्ये कुणी बांधला, देव जाणे. म्हणून सोबत बावीस प्रश्न पाठवतो. भाऊजींकडून सवडीने भरून घे. पुलाची लांबी, काठाचा उतार, जमिनीवर काय उगवलं होतं, असे साधेच आहेत.

रागवायचं तर प्रश्नांवर रागव, मला वगळ.

तुझा
धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझे प्रश्न आहेत की कोर्टातली उलटतपासणी? पहिल्या दिवशी हे चष्मा लावून, खुर्ची ओढून मोठ्या उत्साहात बसले. पुलाची लांबी चाळीस मीटर लिहिली. पुढे तू नदीची रुंदी विचारलीस, ती पंधरा लिहिली. मी सहज म्हटलं, उरलेला पूल कुठे ठेवला होता? ह्यांनी पूल खोडला. संध्याकाळपर्यंत नदीचा कालवा झाला, आणि दुसऱ्या दिवशी कालव्याला पाणी नव्हतं. या वेगाने गेलं तर पंचाहत्तरीपर्यंत शत्रूसुद्धा उरायचा नाही.

चौदाव्या प्रश्नापाशी मात्र पेन थांबलं. जमिनीवर काय उगवलं होतं, तो. कागदाची घडी करून खिशात घातली आणि फिरायला निघून गेले. रविवारी शेजारी पाहुणे आले होते, त्यांनी आपणहून लढाईचं विचारलं, तर ह्यांनी घसा बसल्याचं सांगितलं. ताप अंगात असताना ज्यांनी डॉक्टरला लढाई ऐकवली, ते हे.

इकडे माजी सैनिक मंडळाने वीस मार्चला समारंभ ठरवला आहे. तुझी गाडी काचेच्या कपाटात ठेवणार. अध्यक्ष बोलणार आहेत. त्यांची सगळी नोकरी बुटांच्या कोठारात गेली, पण भाषण ते नेहमी आघाडीवरून करतात.

ऐक माझं. सुंदरशी जमीन कर आणि चौकशी पुरे कर. माणसाला एखादी लढाई असू द्यावी.

माया आहे तेवढी आहे, चहा मात्र कमी कर.

तुझी
ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय मेहुण्यास,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या ताईच्या नकळत, पोस्टातल्या बाकावर बसून लिहितो आहे. शेजारी एक गृहस्थ पार्सलाला दोरी बांधताहेत आणि माझ्या कागदात डोकावताहेत. डोकावू देत.

तुझ्या बावीस प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर मला खरंखुरं माहीत आहे. चौदाव्याचं. कोबी.

तिथे नदी नव्हती. आमच्या चार गाड्या चालल्या होत्या. माझ्या गाडीचा क्लच गेला आणि ती रस्ता सोडून एका कोबीच्या शेतात जाऊन बसली. बरोबरचे दोघे दुसऱ्या गाडीत चढले. मला हुकूम झाला की गाडीपाशी थांब, मेकॅनिक येईल. तो पाचव्या दिवशी आला. तोवर लढाई डोंगरापलीकडे चालू होती. वरच्या मजल्यावर कुणी कपाटं सरकवावीत, तेवढी ऐकू यायची.

पहिल्याच सकाळी शेताची मालकीण आली, कुदळ घेऊन. साठीची असेल. तोफेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी तिच्या पाटावर उभी होती आणि पलीकडचे कोबी सुकत होते, एवढीच तिची तक्रार. गाडी हलत नाही म्हटल्यावर तिने माझ्या हातात बादली दिली. चार दिवस मी कोबीला पाणी घातलं. सैन्यात मी बजावलेली सगळ्यात मोठी कामगिरी ही.

पुढे तुझे वडील मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, लढाई पाहिलीत का. मी ऐकली होती. हो म्हणालो. त्यांचा चेहरा असा फुलला की मला मागे फिरता येईना. नदी त्याच बैठकीत आली. पूल साखरपुड्याला.

तुझी ताई त्या पुलावरूनच या घरात आली, ही माझी खरी धास्ती आहे. तिला कळू देऊ नकोस. पूलच कर. फक्त कुठे कडेला जमलं तर चार कोबी लाव. कुणाला कळणार नाही, मी बघेन.

स्नेह होता तसा ठेवलास तर उपकार होतील.

तुझा
भाऊजी


२ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून फाडलं. हिला सांगितलं नाही, तरी तिला कळलं, कारण मी पूल मोडला तेव्हा ती समोरच होती.

भाऊजी, मला पूल करता येणार नाही. जिथे ओढासुद्धा नाही तिथे पूल दाखवून मी नोकरीत एकदाही सही केली नाही, आता कशी करू? म्हणून शेत केलं आहे. प्लास्टर ओलं असतानाच गाडीची चाकं दाबून रुतल्याच्या खुणा उमटवल्या. कोबी पातळ कागदाचे, एकेक वाटाण्याएवढा, एकशे चाळीस. पाटापलीकडच्या चार ओळी पिवळट ठेवल्या आहेत. बाईसुद्धा केली आहे, कुदळीसकट. तिच्या ओढणीचा रंग तुम्ही कळवला नव्हता, तो हिने ठरवला.

लाकडी खोक्यात घालून तुमच्या नावाने पाठवतो. आत चिठ्ठी आहे. मंडळात द्यायचं की माळ्यावर टाकायचं, तुम्ही ठरवा. माळ्यावर टाकलंत तरी मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

आशीर्वादाचा हात मागे घेऊ नये.

आपला
धाकटा


२३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं खोकं आलं तेव्हा हे दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी उघडलं. पूल दिसेल म्हणून झाकण काढलं, तर कोबी. रांगेने, एवढेएवढे, आणि मध्ये गाडी रुतलेली. बाजूला कमरेवर हात ठेवून एक बाई. मी खुर्ची घेऊन समोर बसले आणि किती वेळ बघत राहिले कोण जाणे. तेवढ्यात मंडळाचे चिटणीस हातगाडी घेऊन दारात आले. मी खोकं त्यांच्या हवाली केलं, ह्यांना काही बोलले नाही. तुझी चिठ्ठी मला नंतर खोक्यातून काढून ठेवलेल्या पेंढ्यात सापडली. आधी सापडली असती तरी मी तेच केलं असतं.

समारंभात कापड ओढलं आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. पण अध्यक्ष डगमगणारे नव्हेत. त्यांनी सांगायला सुरुवात केली की हा वीर एकटा कोबीच्या आड दबा धरून बसला आणि शत्रूला नुसतं शेत दिसलं. कोबी अर्ध्या चाकापर्यंतसुद्धा पोचत नव्हता, हे कुणालाही दिसत होतं. पण ती बाई वेष बदललेली हेर होती, इथवर भाषण गेलं तेव्हा हे उठले.

"दबा वगैरे काही नव्हता," हे म्हणाले. "क्लच गेला होता. चार दिवस मी कोबीला पाणी घातलं. लढाई मी पाहिलेलीच नाही."

आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला! अध्यक्षांनी डोळे पुसले. खरा शूर असाच बोलतो म्हणाले, आणि इतिवृत्तात 'विनम्रता' असा शब्द घालायला लावला. चहाच्या वेळी तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की खरी कामगिरी अजून गुप्त असणार, म्हणूनच हे कोबीचं पांघरूण. थोडक्यात, ह्यांची लढाई आता ह्यांच्याही हातात राहिलेली नाही.

घरी आल्यावर हे बूट न काढताच बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागले, वडिलांच्या बैठकीसकट. मी कपाटातून ह्यांच्या नोकरीचा जुना कागद आणून पुढे ठेवला. 'वाहन नादुरुस्त, चार दिवस' एवढीच त्यात नोंद आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घराचे कागद शोधताना तो मला सापडला होता. मग बोलली का नाहीस, असं ह्यांनी विचारलं. काय बोलणार? वडिलांना लढाई हवी होती. मला हे हवे होते. दोघांचं काम झालं होतं.

मग मी त्या बाईचं विचारलं. तिचं मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं. तिने बादली कशी हातात दिली, ह्यांनी वाकडं पाणी घातलं की कशी ओरडायची, दुपारी सावलीला बसून ह्यांच्या फाटक्या बाहीला टाके कसे घातले, हे एकेक सांगू लागले. तेव्हा मात्र माझा पारा चढला.

"सत्तेचाळीस वर्षं मला तो पूल ऐकवलात," मी म्हटलं, "आणि ही बाई लपवून ठेवलीत?"

हे हसले. गाडी दुरुस्त होऊन निघाली तेव्हा ती बांधावर येऊन म्हणाली होती की पुढच्या महिन्यात टोमॅटो लावायचे आहेत, तेव्हा परत गाडी बिघडव. गेलात का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. बदली झाली, मग लग्न ठरलं, मुलं झाली, आणि लढाई सांगता सांगता राहूनच गेलं.

तुझ्या बायकोला सांग, त्या बाईच्या ओढणीचा रंग चुकला. निळी होती. बाकी सगळं बरोबर आहे म्हणतात.

रागाने नव्हे, मायेनेच लिहिते आहे, तसंच वाच.

तुझी
ताई