ट्रेडमिल जिन्याने उतरवण्याबाबत

गेल्या रविवारी माझा मुलगा बुद्धभूषण याने, मी कॉटवर बसलेली असताना, माझ्या खोलीचे माप घेतले. विचारले तर म्हणाला, "आई, आत्ता नाही गं. तुझ्यानंतर इथे जिम करायचीय." म्हणून हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले.

मी, राजश्री दशरथ साळवे, वय ७१, बी.ए., टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार हाटकेश, मीरा रोड, हे कोणाच्याही दबावाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघेही आहेत, याची मुलाने नोंद घ्यावी.

१. पाचव्या मजल्यावरील सदनिका माझ्या स्वकष्टाची आहे. ती माझ्या पश्चात सून पायल हिला एकटीला मिळावी. बुद्धभूषणला तिथे राहता येईल, तिची हरकत नसेपर्यंत.

२. कारण असे. पायल चार वर्षे पहाटे, नळाला पाणी येण्याआधी, धावून येते. सुरुवातीला दोन मिनिटे धाव, दोन मिनिटे चाल. आता सलग दहा किलोमीटर. तेही साध्या कापडी बुटांत. त्याच काळात बुद्धभूषणने महागाचे तीन जोड घेतले, तिन्ही रंग पाहून, आणि तिन्ही चावले. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, बूट तेव्हा घालून पाहावेत, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी, हे पायलने त्याला सांगितले होते. "तू मला शिकवू नकोस," हे त्याचे उत्तर मी स्वयंपाकघरातून ऐकले.

३. बुद्धभूषणने आणलेली ट्रेडमिल त्यालाच. तिच्यावर दोन चादरी व माझे गाऊन वाळत असतात, ते आधी काढावेत. ती त्याने लिफ्टने न नेता जिन्याने उतरवावी. तेवढा तरी व्यायाम घडेल. एक डंबेल दाराला अडकण म्हणून लावले आहे, ते राहू द्यावे, कामाचे आहे.

४. सोसायटीच्या पावलांच्या स्पर्धेतील चषक आमच्याकडे काम करणाऱ्या हंसाला द्यावा. महिनाभर बुद्धभूषणचे घड्याळ तिच्या मनगटावर होते. ती सात घरे करायची, हा सोफ्यावरून मोबाइलवर तिची पावले बघायचा. बक्षीस घेताना त्याने शिस्तीवर भाषण केले. हंसा मला एवढेच म्हणाली, "ताई, चाललेली मी हाय, दमले दादा."

५. मुलगा वाईट नाही. वस्तू घरात आली की काम झाले, असे त्याला वाटते. हे वडिलांकडून आले. त्यांनी इंग्रजी शिकायचे ठरवून आधी पुस्तकांचे कपाट घेतले होते. त्यात आम्ही बारा वर्षे गहू ठेवला.

सही: राजश्री दशरथ साळवे

समक्ष साक्षीदार:
१) पराग म्हात्रे, सेक्रेटरी (चषक यांच्याच हस्ते दिला होता)
२) मनोरमा विचारे, निवृत्त मुख्याध्यापिका

ठिकाण: मीरा रोड. दिनांक: १८ डिसेंबर २०२५

आज सुपूर्द केले:
सदनिकेचा मूळ करारनामा व शेअर सर्टिफिकेट, पायलकडे. मिळाले, अशी तिने सही केली.
या मृत्युपत्राची प्रत, बुद्धभूषणकडे. वाचून म्हणाला, "आई, हे नंतर बोलू." मी म्हटले, "नंतर मी नसेन. काय भांडायचं ते आत्ता भांड." प्रत घेतली. सही केलेली नाही.