हिरवा पट्टा

कामथडी,
बुधवार, ता. ८ फेब्रुवारी १९७८

प्रिय सगुणा,

आज विंझरहून परतले ती संतापूनच. धोंडाबाईंची अंडी उबवायची पेटी उघडून पाहिली. नव्वद अंडी आत शिजली. त्या म्हणाल्या, "पोरी, कोंबडीला तरी कळतं गं कधी उठायचं ते. तुज्या पेटीला न्हाई कळलं." 

मालक सगळ्यांना सांगताहेत, पारूचं गणित चुकलं. चुकलेलं नाही! कापूरहोळच्या आपल्या वर्कशॉपात त्या एका रेझिस्टरसाठी मी दोन दिवस घालवले, तू पाहिलंस. ऊब जास्त झाली की आयसीच्या चिपनं हीटर बंद करायचा; तारेतला विजेचा दाब वर गेला की तो बंद होतो. पण त्या आयसीला तार फक्त खाली ओढता येते. सोडल्यावर वर न्यायला रेझिस्टरच लागतो. फार लहान घेतला तर आयसीवर ताण. फार मोठा घेतला तर त्याची ओढ इतकी दुबळी, की बोर्डावरची ओलसुद्धा तारेला वर जाऊ देत नाही. आणि पेटीत तर आपणच पाण्याचं ताट ठेवतो! म्हणून दहा हजार ओहम. मालक तेव्हा हसले होते, "लग्न जुळवताना बी आमी एवढं बघत न्हाई!"

विंझरला झाकण काढलं तर रेझिस्टरवर नारिंगी पट्ट्याच्या जागी हिरवा. दहा लाख ओहम, शंभरपट! दहा हजाराचे संपले, तर मालकांना पुण्याला माणूस पाठवायचा कंटाळा. कोरड्या टेबलावर चाललं म्हणे.

माझीही चूक आहे. झाकण लावलेल्या पेटीवर मी तपासणीची सही केली. अण्णा अजून अंगठा उठवतात. घरात सही करणारी मी पहिली, आणि ती अशी केली. काल मालकांनी अण्णांना बोलावून लेकीवरून सगळ्यांदेखत सुनावलं. अण्णा एवढंच म्हणाले, "चुकली आसंल तर ती सोताच सांगंल." ती चूक मी शनिवारी धोंडाबाईंसमोर सांगणार. पण गणित चुकलं असं मालकांनी लिहून ठेवलेल्या कागदावर सही करणार नाही, नोकरी गेली तरी. तोवर वर्कशॉपात पाऊल टाकायचं नाही असं मालकांनी मला बजावलंय, म्हणून हे टपालानं.

सगुणा, त्या रेझिस्टरचा सोल्डरचा डाख मी ओळखला. तारेचे पाय आत वळवून डाख देणारी आपल्यात तू एकटीच. मालकांनी सांगितलं म्हणून तू तो लावलास. ते समजू शकते. पण काल अण्णा हात जोडून उभे होते आणि तू खाली मान घालून तारा सोलत होतीस, ते नाही समजत. शनिवारी दहाला वर्कशॉपात सगळे जमतील. मी तुझं नाव घेणार नाही. ते तू घ्यायचंस.

अजून तरी तुझीच,
पारू