न हसता पाहिलेला विनोदी बोलपट

डोंबिवली. रविवार, ४ नोव्हेंबर १९५१

नकार! ठाण्याच्या मंडळींचा. कारण काय, तर मुलगी फार हसते.

आता विनोदी सिनेमात हसू नको तर काय करू? पोह्यांच्या बशा घेऊन पुढे येणारी मुलगी खरी कळत नाही, म्हणून त्यांनीच सिनेमाला बोलावलं. नकळत पाहणार म्हणे! वाचनालयाच्या मदतीसाठी जुना मूकपट लावला होता, अण्णांच्या तरुणपणातला. एक जाडा हवालदार आणि एक शिडी. पडद्याखाली पेटी वाजवणारे गृहस्थ स्वतःच हसून सूर चुकत होते. हवालदार शिडीसकट हौदात गेला आणि मी जी सुटले ती सुटलेच. आई चिमटे काढत होती.

"सगळे दात दिसले त्यांना," म्हणते. बरं झालं, मोजून घेतले असतील!

मंगळवार, ६ नोव्हेंबर

आईचा अबोला. आमटीत मीठ जास्त पडलं, त्यालाही माझं हसणंच कारण.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

उत्तरामावशीने कल्याणचं स्थळ आणलंय. मुलगा पोस्टात, नाव सुधीर. आणि यांनाही मुलगी सिनेमातच पाहायची आहे! ही काय नवी साथ आलीय? पुन्हा विनोदीच — या वेळी नवा बोलपट. "आईच्या उजव्या हाताला बसेल ती आमची मुलगी," असं मावशी त्यांना सांगून आलीये.

मला सूचना — हसायचं नाही. फारच आलं तर ओठ मिटून. मावशीने करूनही दाखवलं, दाढ दुखत असल्यासारखं. शालू मात्र खुशाल हसू शकते. धाकटी ना! रडून रडून स्वतःचं तिकीटही काढायला लावलं तिने.

रविवार, ११ नोव्हेंबर

पाहून आले. म्हणजे बोलपट नव्हे. नायक घरमालकाला चुकवायला रोज नवी मिशी लावतो, एवढंच कळलं. शालूच्या पुढे एक उंच टोपी आली, झाली तिची चुळबुळ सुरू. शेवटी मीच जागा बदलली तिच्याशी. आई "अगं, अगं" करते तोवर बाईसाहेब बसल्यासुद्धा. मग हसून हसून आईच्या मांडीवर लोळली. आणि मी? तोंडात पदर कोंबून. हुकूम! कानशिलं अजून दुखतायत.

पण मावशीने खुणेने दाखवलेला तो सुधीर दोन रांगा पुढे होता, कडेला. मी त्यालाच पाहत होते. जिथे मला हसू फुटत होतं, नेमका तिथेच तोही हसायचा, खुर्चीचा हात बडवत. मध्यंतरात वळून आमच्याकडे पाहिलं त्याने. हसू अजून ओसरलं नव्हतं.

मला आवडला. इथे लिहिते. सांगणार कोणाला?

सोमवार, १२ नोव्हेंबर

निरोप नाही. मावशीला कल्याणला जायला काय झालंय? की मीच जाऊ!

बुधवार, १४ नोव्हेंबर

होकार आला. "आईच्या उजव्या हाताची, ती मोकळं हसणारी — मुलाला फार आवडली."

आईने कपाळाला हात लावला. मावशी म्हणाली, "थोरलीच्या आधी धाकटीचं कसं करायचं गं?" मी म्हटलं, करा. कोणी ऐकलंच नाही. मोरीत जाऊन रडून घेतलं.

शालू सारखी विचारतेय, "ताई, त्या लोकांतला मुलगा कुठला गं? मी पडद्याकडे बघत होते."