दुसरं तोंड

प्रिय फुटपट्टी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदही न वाचता फाडता येतो, पण तुझ्या हातून ते व्हायचं नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी कार्टी तू. अक्षर माझं आहे तसंच आहे, चार इयत्तांचं. लागेल तिथे अडखळ, पण शेवटपर्यंत वाच.

पहिली बातमी ही, की तुझी बोट पाण्यात उतरली आणि पळाली. मंगळवारी गोदीतल्या कामगारांच्या घरच्यांना त्यांनी चाचणीच्या फेरीवर नेलं. मी जाणार नव्हते. पण तुझ्या बापाचा जोडीदार, तो ठेंगणा वेल्डर, दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, तुम्ही नाही आलात तर मीही नाही जाणार. त्याची बायको नवी साडी नेसून खाली उभी होती. तिचा विरस कशाला करायचा, म्हणून मी चपला घातल्या.

दोन होड्यांत पाय ठेवणाऱ्याची काय गत होते ते आम्ही जन्मभर ऐकत आलो, आणि तू नेमकी तशीच बोट काढलीस. खाली दोन लांब, निमुळत्या होड्या, त्यांच्यावर आडवं अख्खं घर. मागच्या बाजूने गाड्या चढल्या, मी मोजल्या, बत्तीस. माणसं वरच्या मजल्यावर. मला खिडकीची जागा दिली. मागे फिरणारा पंखा नाही म्हणे हिला, पोटात पाणी ओढते आणि चूळ भरल्यासारखी मागे फेकते. जुन्या बोटीला पलीकडे जायला अडीच तास लागायचे आणि तेवढ्यात तू माझ्या मांडीवर दोनदा ओकायचीस. ही चाळीस मिनिटांत पोचली. चहाचा पेला समोर ठेवला होता, एक थेंब सांडला नाही. मला सांडायला हवा होता का, कुणास ठाऊक. काहीतरी खोट काढायच्या तयारीनेच गेले होते.

तुझे मोठे साहेब शेजारी येऊन बसले. मी त्या गोदीत बावीस वर्षं झाडू मारला, तेव्हा या माणसाने माझ्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. आता म्हणाले, आजी, तुमच्या नातीने कागदावर लिहिलेलं वजन आणि बोटीचं खरं वजन यात दोन माणसांचाही फरक आला नाही. मी म्हटलं, लहानपणापासून तशीच आहे ती, भाकरीसुद्धा मोजून खायची. ते हसले. मग ते इंजिन बघायला गेले.

वजन. आपल्या घराण्यात ते कुणाला नव्हतं. तुझा आजोबा हमाल, मी झाडूवाली, तुझा बाप वेल्डर. तुझी आई दुसरीकडे संसार थाटायला गेली तेव्हा चाळीतल्या चार बायका सोडल्या तर कुणी आमची विचारपूसही केली नाही. आणि त्याच घरातली पोर गोदीच्या धक्क्यावर भलामोठा काटा मांडते आणि म्हणते, यावर चढल्याशिवाय एक खिळासुद्धा बोटीत जाणार नाही! रंगाचे डबे तू भरलेले मोजलेस आणि रिकामे झाल्यावर परत मोजलेस. कंपनीच्या मालकाला चहाच्या खिडकीला दगडी ओटा हवा होता. त्याला तू मधाच्या पोळ्यासारखी आतून पोकळ फळी दाखवलीस आणि म्हणालीस, दगड हवा असेल तर दोन गाड्या किनाऱ्यावर सोडाव्या लागतील. त्याने दगडाचा नाद सोडला. हे तुझ्या बापाने मला निदान वीस वेळा सांगितलं. कामगारांनी बोटीचं नाव ‘हलकी’ ठेवलं, तुझा राग यायचा म्हणून तुझ्या माघारी म्हणायचे. तुझा बाप रोज हत्यारांच्या पेटीसकट काट्यावर चढायचा आणि काटेवाल्याला सांगायचा, उपाशीपोटीचं वजन लिही रे, नाहीतर घरी लेक रागावेल.

त्याला तुझ्या नकाशांचं वेड होतं, हे तुला माहीत नसेल. अल्युमिनियमवर टाका मारायच्या आधी तो घासून इतका लखलखीत करायचा, की जोडीदार म्हणायचा, अरे, लग्नाला बसवायचाय का त्याला? आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या तुझ्या सहीवर तो तेलकट बोट कधी टेकू द्यायचा नाही.

आता जे टाळत आले ते लिहिते. तो रविवार मलाही आठवतो. आपण तिघं जेवत होतो. तो म्हणाला, खालच्या होड्यांतले कप्पे फार अरुंद आहेत, प्रत्येकाला आत शिरायचं एकच तोंड ठेवलंयस, दुसरं असतं तर वारा खेळला असता. तू ताटावरूनच हिशेब केलास. एका तोंडाची कडी आणि झाकण मिळून अकरा किलो, कप्पे चोवीस, तेवढ्यात चार उतारू बसतील, बाबा. तो म्हणाला, बरं बाई, मीच बारीक होतो. आणि हसला. मीही हसले. तू हसलीस की नाही ते मी पाहिलं नाही.

मग तो दिवस. डाव्या होडीतला चौथा कप्पा. जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंगच्या गॅसची नळी बाहेर काढून ठेवायची असते, ती आतच राहिली आणि तिची चावी जराशी सैल होती. त्या गॅसला ना वास, ना रंग. तळाशी पाण्यासारखा साठतो आणि हवेला हुसकून लावतो. सुट्टीनंतर अर्धा तास पंखा लावायचा आणि मग उतरायचं, हा तिथला नियम. तो पंखा न लावता उतरला. जोडीदाराने हाक मारली तेव्हा ओ आली नाही. एकाच तोंडातून तेवढ्या आडदांड माणसाला वर काढायला किती वेळ लागला, ते तुला कुणीतरी मिनिटांत सांगितलं. सांगणाऱ्याची जीभ झडो.

चौकशीवाले म्हणाले, नकाशा नियमाला धरून आहे. तुला ते पटलं नाही. तू माझ्यासमोर येऊन बसलीस, तीन दिवस बसलीस, आणि मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. चौथ्या दिवशी तू बॅग भरलीस. आता त्या दूरच्या शहरात लोकांच्या घरच्या कपाटांची चित्रं काढतेस म्हणे. बरोबर आहे. कपाट बुडत नाही आणि त्यात कुणी गुदमरतही नाही.

मी तुझी खोटी समजूत घालायला बसलेले नाही. मंगळवारी मी ठेंगण्याला म्हटलं, मला खाली ने. तो नको नको म्हणत होता, पण घेऊन गेला. आता प्रत्येक कप्प्याला दोन तोंडं आहेत. तू गेल्यावर त्यांनी पाडून घेतली, आणि साहेब सांगत होते त्या वजनात ती धरली आहेत, कारण जायच्या आधी तूच नकाशा बदलून त्यांच्या टेबलावर ठेवला होतास. म्हणजे दुसरं तोंड हवं होतं. तुझा बाप बरोबर होता, तू चुकलीस. हे तुलाही ठाऊक आहे आणि ते मी पुसणार नाही. पण तेवढंच ठाऊक असून भागत नाही.

चौकशीत सगळ्यांना एकच विचारलं. सव्वीस वर्षांत या माणसाने पंख्याचा नियम कधी मोडला नव्हता, मग त्याच दिवशी एवढी घाई कसली? कुणाला सांगता आलं नाही. मला विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गोदीच्या फाटकावर फोन करून राखणदाराकडे निरोप ठेवला होता. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, आठवडाभर सांगतेय, आज चारच्या आत आला नाहीस तर रात्री जेवायला येऊ नकोस. एरवी त्या राखणदाराला एक निरोप धड देता यायचा नाही, त्या दिवशी मेल्याने शब्दाला शब्द पोचवला. चौकशीत त्याला कुणी काही विचारलंच नाही. तुला वाटलं, आजी बोलत नाही म्हणजे मला दोष देते. अगं, बोलले असते तर हेच बाहेर पडलं असतं, म्हणून बोलले नाही. तुला जाऊ दिलं, पण हे सांगितलं नाही. हे वाचून माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर बघू नकोस, पण ती कपाटं सोड आणि तुझ्या कामाला लाग. आणि एक राहिलं, तेही लिहून टाकते. चारपर्यंतसुद्धा मी वाट पाहिली नाही. साडेतीनलाच वाटलं, हा काही येत नाही, आणि चिडून मीच पक्कड घेऊन बसले. वायसर झिजला होता. पाच मिनिटांचं काम. हात पुसत होते, तेवढ्यात दार वाजलं.

तुझीच, आठ महिने गप्प राहिलेली
आजी