वस्त्रगाळ पिठाची चक्की कोणाची

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, देवाला समोर ठेवून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. थकले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

घराचे दोन वाटे करावेत. मागचा धाकट्या मुलाला. थोरला देवाघरी गेला, म्हणून पुढचा त्याच्या बायकोला. बँकेतली ठेव धाकट्याची. जपमाळ ज्याला ओढावीशी वाटेल त्याने घ्यावी. खिळ्याला टांगून ठेवू नये.

पुढच्या खोलीतली वाळले घेवडे दळायची चक्की, चाळण्या आणि मलमलीची फडकी थोरल्या सुनेला. त्या दळणावरच तिचे पोट आहे. धाकट्याला चक्की विकून तिथे भाडेकरू ठेवायचा आहे. "वहिनीला काय, कुठंही चार घरची कामं मिळतील," असे तो माझ्या तोंडावर म्हणाला. म्हणून स्पष्ट लिहिणे आले.

यात सुनेचा लाड नाही. दळणावरून आमचे कधी पटले नाही. मी भरड दळायला चक्कीचे चाक सैल करायची, ती बारीक दळायला घट्ट.

"अगं, हे पीठ आहे की तोंडाला लावायची पावडर?"

"आई, बारीक पीठ पाणी जास्त धरतं. छान फुगतं."

"आणि दळताना तापतं त्याचं काय? गरम भरलंस की डब्यात घाम धरतं, गोळे होतात, खवट वास येतो!"

"मग निववते ना. तुम्ही जरा वारा घाला."

म्हणजे वर मलाच कामाला लावायची.

मग माझ्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. गिळवेना. नुसत्या पाण्यानेही ठसका लागे. डॉक्टर म्हणाले, दाट द्या. मी माझे भरड पीठ शिजवून दिले. कण तळाशी बसले, पाणी वर राहिले, आणि ह्यांचा जीव घाबरा झाला. सुनेने तेच घेवडे बारीक दळले, फडक्यातून गाळले, मग शिजवले. कण नाही, पाणी वेगळे नाही. चमच्यावरून सावकाश ओघळत होते. ह्यांनी वाटी संपवली आणि बोट वर केले. आणखी. शेवटपर्यंत त्याच वस्त्रगाळ पिठावर राहिले.

धाकट्याने तेव्हा बाजारातल्या तयार पावडरीचा डबा पाठवला, स्वतः आला नाही. डबा न फोडता फळीवर आहे. तो त्याला परत मिळावा.

तळणाला भरडच चांगले, हे माझे मत कायम आहे. तरी चक्कीचे चाक आता आहे तसे घट्टच राहू द्यावे.

शेवटचे. अलीकडे माझाही घास अडकतो. सुनेला सांगितलेले नाही. मलाही वस्त्रगाळच द्यावे. मी हट्टाने भरड मागेन, ऐकू नये. हे कलम मी गेल्यावर वाचून उपयोग नाही, म्हणून साक्षीदार शिंपीणबाईंनी तेवढेच आज तिला वाचून दाखवावे. चक्कीचे सांगू नये. रडत बसेल आणि शिजते पीठ पातेल्याला खाली लागू देईल.

सही: (माझी)
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई, कोपऱ्यावरचे औषधवाले
ठिकाण: राहते घर, चक्कीशेजारी
दिनांक: सोमवार, दळण बंद असतानाचा